थीम भारी पण पात्रं पोकळ? असा पिक्चर तोलायचा कसा

पिक्चर संपला की एक जण म्हणतो काय थीम होती यार, दुसरा म्हणतो पण एकाही कॅरेक्टरशी काही देणंघेणंच वाटलं नाही, आणि मग पुढचा तासभर दोघंही आपलं तेच वाक्य जरा वरच्या आवाजात म्हणत बसतात. हा वाद मिटत नाही कारण "थीम खोल असली की कमकुवत पात्रं चालतात का" याला सरसकट हो किंवा नाही असं उत्तरच नाहीये. माझं मत आधीच सांगून टाकतो. थीम जर माणसाच्या निर्णयाबद्दल असेल तर कमकुवत पात्रं अजिबात चालत नाहीत, कारण ती थीम राहते कुठे, तर त्या निर्णयातच. आणि थीम माणसाहून मोठ्या कशाबद्दल असेल, म्हणजे काळ, युद्ध, यंत्रणा, विश्व वगैरे, तर मोजक्या रेषांमधली पात्रं चालतात, कधीकधी तर तशीच लागतात. आता समोरचा पिक्चर यातल्या कुठल्या जातीचा आहे हे ओळखायचं कसं, त्याची ही माझी पद्धत. खाली बऱ्याच पिक्चरचे शेवट उघडे केलेत, स्पॉयलरचा त्रास असेल तर पिक्चरचं नाव दिसलं की उडी मारा.

विषय आणि थीम वेगळे काढा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. वर्णद्वेष हा विषय आहे, युद्ध हा विषय आहे, मृत्यू हा विषय आहे. विषय जड असला म्हणजे थीम खोल असतेच असं नाही, पण जड विषयाचा पिक्चर बघून बाहेर पडताना आपल्यालाच जरा शहाणं झाल्यासारखं वाटतं आणि ते श्रेय आपण पिक्चरला देऊन टाकतो.

म्हणून पहिलं काम, थीम एका प्रश्नात लिहून काढा. नाम नको, प्रश्न हवा. आणि त्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं महाग पडली पाहिजेत. "वर्णद्वेष वाईट आहे का" हा प्रश्न नाही, त्याचं उत्तर तिकीट काढायच्या आधीच ठरलेलं असतं. उलट १९५७ चा "ट्वेल्व्ह अँग्री मेन" घ्या (हिंदीत बासू चॅटर्जींचा "एक रुका हुआ फैसला" हा त्याचाच रिमेक). खुनाचा आरोप असलेल्या एका पोराचा निकाल ज्युरीतली बारा साधी माणसं बंद खोलीत बसून ठरवतात, एवढीच गोष्ट. त्याचा प्रश्न मी असा लिहीन: पक्की खात्री नसताना एका पोराला फाशीच्या वाटेवर पाठवायचं, की सुटणारा पोरगा खरंच खुनी असू शकतो हे माहीत असून त्याला सोडायचं? दोन्हीकडे काहीतरी जातंय. असा प्रश्न लिहिता येत नसेल, खूप खटपट करूनही "समाजाचं वास्तव दाखवलंय" याच्या पुढे सरकता येत नसेल, तर थीम खोल होती हे म्हणणंच आधी मागे घ्या. पात्रांची चर्चा नंतर.

प्रश्न लिहून झाला की त्याखाली अजून एक ओळ लिहा: हा प्रश्न कोणाला पडलाय? पात्राला, की पिक्चरने तो थेट आपल्याला, बघणाऱ्याला विचारलाय? पुढचं सगळं या एका ओळीवर उभं आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

मोजक्या रेषा म्हणजे पोकळ नव्हे

लोक "वीक कॅरेक्टर" म्हणतात तेव्हा दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतात. एक, पात्राबद्दल आपल्याला फार काही सांगितलेलं नाही, बॅकस्टोरी नाही, आईवडील कोण माहीत नाही, कधीकधी नावसुद्धा नाही. दुसरं, पात्र जे करतं ते त्याच्या स्वतःच्या कारणाने करत नाही, लेखकाला पुढचा सीन हवाय म्हणून करतं. पहिल्याला मी मोजक्या रेषांचं पात्र म्हणतो, दुसऱ्याला पोकळ. मोजक्या रेषा ही निवड असू शकते. पोकळपणाला मात्र दोषच म्हणतो मी.

ट्वेल्व्ह अँग्री मेन पुन्हा बघा. ९६ मिनिटांचा पिक्चर, जवळजवळ सगळा एका खोलीत, ज्युरीतल्या माणसांना नंबर आहेत, नावं नाहीत, शेवटी बाहेर पायऱ्यांवर दोघं एकमेकांना आपलं आडनाव सांगतात तेवढंच. बॅकस्टोरी म्हणाल तर एकेकाला दोनचार वाक्यं. तरी सात नंबरचा माणूस, ज्याच्या खिशात मॅचचं तिकीट आहे आणि ज्याला फक्त लवकर सुटायचंय, तो जेव्हा कंटाळून "नॉट गिल्टी" म्हणून मोकळा होतो तेव्हा अकरा नंबरचा त्याच्यावर उखडतो, की बाबा तुझं मत आमच्या बाजूने आलंय तरी तू ते चुकीच्या कारणाने देतोयस. पिक्चरची अख्खी थीम त्या भांडणात आहे आणि ती तिथे आहे कारण ही दोन माणसं दोन वेगळ्या तऱ्हेने वागतात. इथे पात्रं पोकळ असती तर थीम कितीही खोल असून उपयोग नव्हता, बारा जणांनी आळीपाळीने कायद्यावर भाषण केलं असतं आणि आपण झोपलो असतो.

आणि याच पिक्चरमध्ये मुद्दाम जवळजवळ कोरं ठेवलेलं एक पात्र आहे, तो आरोपी पोरगा. सुरुवातीला त्याचा चेहरा काही सेकंद दिसतो, बस. एक वाक्य नाही त्याला. कारण तो आपल्याला नीट कळला असता तर आपण पुराव्यावर नाही, त्याच्या चेहऱ्यावर निकाल दिला असता, आणि पिक्चर तर त्याच सवयीच्या विरोधात उभा आहे. एकाच पिक्चरमध्ये एका कोपऱ्यात पात्रं भरलेली लागतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरी, त्यामुळे "या पिक्चरची पात्रं स्ट्राँग आहेत की वीक" हा प्रश्न अख्ख्या पिक्चरला एकदम विचारूच नका, एकेका पात्राला विचारा.

पोकळ आहे का ते तपासायच्या युक्त्या

एक तपासणी नेटवर कितीतरी वर्षं फिरतेय आणि अजूनही कामाची आहे. पात्राचं वर्णन करायचं, पण त्याचं दिसणं, कपडे, नोकरी आणि कथेतलं काम यातलं काहीही न वापरता. "तो हट्टी आहे पण कोणी कौतुक केलं की लगेच विरघळतो" असं काही सुचलं तर पात्र आहे. "तो, अं, पोलिसात असतो आणि सूड घेतो" इथेच गाडी अडकली तर संशय घ्यायला जागा आहे. फक्त संशय हां, कारण ही तपासणी मोजक्या रेषांच्या पात्रांवर अन्याय करते, दोन तास गप्प राहणाऱ्या माणसाला विशेषणं कुठून चिकटवणार.

त्यापेक्षा मला निर्णयाची तपासणी जास्त भरवशाची वाटते. पिक्चरमधला कळीचा निर्णय पकडा, जिथून गोष्ट वळते तो. आणि विचारा, याच जागी दुसरं कुठलंही पात्र उभं केलं असतं तर त्याने हेच केलं असतं का? हो असेल तर निर्णय पात्राचा नाही, स्क्रीनप्लेचा आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये कादंबरीबद्दल सांगितलेलं इथेही लागू पडतं, की भरीव पात्राची खूण म्हणजे ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं. दोन्ही शब्द धरायचे, चकितही व्हायला हवं आणि पटायलाही हवं. चकित करणं सोपं आहे, कुठल्याही पात्राला शेवटच्या दहा मिनिटांत खलनायक केलं की झालं.

डायलॉग अदलाबदलीची युक्ती तर सगळ्यांना माहीत आहेच, याचं वाक्य त्याच्या तोंडी घालून बघायचं, काहीच बिघडलं नाही तर दोघंही लेखकाचेच आवाज.

एक सावधगिरी. चांगला नट पोकळपणा झाकून टाकतो, आणि हे फार वेळा होतं. नुसत्या डोळ्यांनी आणि थांबण्याने तो असं काही भासवतो की आपल्याला वाटतं आत केवढं काय चाललंय, आणि घरी येऊन आठवायला बसलं तर त्याने अख्ख्या पिक्चरमध्ये स्वतःहून काहीच केलेलं नसतं. म्हणून तपासताना चेहरा विसरा, फक्त कृती लिहा. काय हवं होतं, त्यासाठी काय केलं, काय सोडलं. तीन ओळी. तिसरी ओळ रिकामी राहिली तर समजा की नटाने गड राखला, लेखकाने नाही.

मग वजन कोणी उचललं ते शोधा

आता समजा पात्रं मोजक्या रेषांची निघाली आणि प्रश्न पात्राला नाही तर आपल्याला विचारलेला आहे. तरीही पिक्चर आपोआप सुटला असं नाही. पात्राने जे वजन उचलायचं ते कोणीतरी दुसऱ्याने उचलायला हवं. कोण ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, नाहीतर "डायरेक्टरने मुद्दाम तसं केलंय" ही पळवाट आहे, ती कुठल्याही फसलेल्या पिक्चरला लावता येते.

"डंकर्क" (२०१७), म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांच्या सुटकेचा पिक्चर, त्यात हे काम काळ करतो. जमिनीवरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस, हवेतला एक तास, तिन्ही एकमेकांत विणलेले, वरून हान्स झिमरचं टिकटिकणारं संगीत ज्यात स्वर सतत चढतच चाललाय असा भास होत राहतो. किनाऱ्यावरच्या त्या पोराबद्दल आपल्याला काय माहीत आहे? काही नाही. पण १९४० मध्ये तीन लाखांहून जास्त सैनिक त्या किनाऱ्यावरून बाहेर काढले गेले आणि पिक्चरला म्हणायचंच हे आहे की त्यातला कुठलाही एक उचला, तो एवढाच घाबरलेला असणार. त्याच्या खिशातून प्रेयसीचा फोटो काढला असता तर तो "खास" झाला असता आणि मुद्दाच गेला असता. आणि गंमत बघा, तरी पात्रं पोकळ नाहीत. बोटीवर तो हादरलेला सैनिक विचारतो की तो मुलगा ठीक आहे ना, ज्याला त्याच्याच धक्क्याने मार लागलाय, आणि बोटवाल्याचा पोरगा, आपला मित्र गेलाय हे माहीत असून, हो म्हणतो. बॅकस्टोरी शून्य, पण निर्णय शंभर टक्के त्याचा.

"२००१: अ स्पेस ओडिसी" (१९६८) वर तर पात्रं लाकडी असल्याचा आरोप कायमचाच. सुरुवातीची वीसपंचवीस मिनिटं कोणी बोलतच नाही, आणि नंतर बोलतात तेही असं की न बोललेले बरे. एका अंतराळवीराला आईवडील वाढदिवसाच्या शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवतात तर तो आडवा पडून निर्विकार चेहऱ्याने बघतोय. हा दोष का नाही? कारण त्याच यानात हाल नावाचा कॉम्प्युटर आहे आणि त्याला बंद करायला लागल्यावर तो म्हणतो मला भीती वाटतेय, विनवण्या करतो, गाणं म्हणत म्हणत विझत जातो. माणसं यंत्रासारखी आणि यंत्र माणसासारखं, हा विरोध उभा राहायला माणसं सपाटच लागत होती. सपाटपणाच बोलतोय इथे. तुमच्या समोरच्या पिक्चरमध्ये सपाटपणा असं काही बोलतोय का हे विचारा, आणि बोलत असेल तर तो काय बोलतोय ते एका वाक्यात सांगून दाखवा.

कधी वजन समूह उचलतो, १९२५ च्या "बॅटलशिप पोटेमकिन" मध्ये नायक एक माणूस नाहीच, गर्दी आहे, आणि त्याचा दिग्दर्शक आयझेनस्टाइन चेहरेच असे निवडायचा की बघताक्षणी वर्ग कळावा. आणि "कोयानिस्कात्सी" (१९८२) मध्ये तर पात्रच नाहीत, संवाद नाहीत, फक्त दृश्यं आणि फिलिप ग्लासचं संगीत, तिथे पात्रं कमकुवत म्हणून तक्रार करायला जागाच नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण शांताल आकरमनचा १९७५ चा "जान दिएलमान". २०१ मिनिटं. एक विधवा बाई, तीन दिवस, घरकाम. मनात काय चाललंय ते ती सांगत नाही, कोणी विचारत नाही. पहिला दिवस आपण नुसता तिचा क्रम शिकतो, दिवा मालवणं, भांडी विसळणं, सगळं ठरल्या वेळी. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच. आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तोवर आपल्याला कळलेलं असतं की ही बाई बटाटे बिघडू देणारी नाही. हे पात्र कमकुवत आहे असं म्हणणाऱ्याने बॅकस्टोरी आणि पात्र एकच समजलंय. २०२२ मध्ये साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमासिकाच्या, आजवरचे सर्वोत्तम पिक्चर निवडणाऱ्या समीक्षकांच्या पोलमध्ये हा पहिला आला तेव्हा खूप जण वैतागले होते, इतका संथ पिक्चर पहिला कसा म्हणून. वैताग समजू शकतो, पण पात्राच्या नावाने नको.

थीम पात्राला हातात धरून चालवते तेव्हा

आता उलट बाजू. २००४ चा "क्रॅश", बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालेला. त्यात एक पोलीस एका बाईशी झडतीच्या नावाखाली घाणेरडं वागतो, आणि पुढे त्याच शहरात नेमक्या त्याच बाईला जळत्या गाडीतून जीव धोक्यात घालून वाचवतो. सीन म्हणून जबरदस्त आहे, नाकारत नाही. पण मधल्या काळात त्या माणसात काय हललं? घरी आजारी बाप आहे एवढं दाखवलंय, पण त्या बाईशी जे केलं त्याचं त्याच्या मनात काय झालं हे कुठेच नाही. पिक्चरला सिद्ध करायचंय की प्रत्येकात दोन्ही बाजू असतात, म्हणून त्याला एका सीनमध्ये ही बाजू आणि दुसऱ्या सीनमध्ये ती बाजू दिली. आणि भेटेल तो भेटेल त्याच्याशी पहिल्या मिनिटाला वंशावरच बोलतो, जणू त्या शहरात लोकांना दुसरं कामच नाही. प्रश्न माणसांच्या वागण्याबद्दलचा, म्हणजे उत्तर माणसांच्या आतूनच यायला हवं होतं, आणि ते वरून टाकलं गेलं. अशा पिक्चरला "पण थीम किती महत्त्वाची आहे" म्हणून मार्क द्यायचे नाहीत. थीम महत्त्वाची असेल तर उलट जास्त कडक तपासा.

"मदर!" (२०१७) जरा अवघड केस आहे. पात्रांना नावं नाहीत, सगळं रूपक, आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात प्रेक्षकांनी सिनेमास्कोरला (थिएटरबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ए ते एफ ग्रेड घेणारा सर्व्हे) थेट एफ, म्हणजे सगळ्यात खालचा ग्रेड दिला. मी तो एफ देणार नाही, पण लोक का चिडले ते कळतं. कॅमेरा जवळजवळ पूर्णवेळ जेनिफर लॉरेन्सच्या चेहऱ्याला चिकटलेला आहे, म्हणजे पिक्चर म्हणतोय हिच्यासोबत घाबरा, ही माणूस आहे. आणि हळूहळू कळतं की ही माणूस नाही, खूण आहे. रूपकात खुणा चालतात, पण तसं असेल तर आधी तसा करार व्हायला हवा. म्हणून पहिल्या दहापंधरा मिनिटांत पिक्चर तुमच्याकडून काय मागतोय ते टिपून ठेवा, माणूस म्हणून जीव लावायला सांगतोय की लांब उभं राहून बघायला. पुढे तो करार मोडला तर थीमची खोली ती भरपाई करू शकत नाही, निदान माझ्यापुरती तरी नाही.

यंत्रणेवरचा पिक्चर, आणि तरी माणसं

"यंत्रणा दाखवायची होती म्हणून पात्रं मुद्दाम सपाट ठेवली" हे समर्थन फार ऐकू येतं. ते ऐकलं की मी चैतन्य ताम्हाणेचा "कोर्ट" (२०१४) पुढे करतो. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप काय, तर त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. थीम सरळसरळ यंत्रणेची. कॅमेरा लांब, स्थिर, कोणी कोणाला मन मोकळं करून सांगत नाही. पण पिक्चर कोर्ट सुटल्यावर सरकारी वकील बाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो, बचाव वकिलाच्या मागे त्याच्या घरी जातो, आणि शेवटी सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांच्या मागेही. कोर्टात ज्या बाई थंडपणे जुने कायदे वाचून दाखवतात त्या घरी सगळ्यांचं करून दमलेल्या आहेत. त्या वाईट नाहीत, हीच तर भीतीची गोष्ट आहे. यंत्रणा साध्यासुध्या माणसांनी चालते हे माणसं नीट दाखवल्याशिवाय दाखवता आलंच नसतं. त्यामुळे यंत्रणेचं कारण पुढे आलं की विचारा, यंत्रणा चालवणारी एक तरी व्यक्ती खरी वाटली का?

आणि स्वतः लिहीत असाल तर

शॉर्टफिल्म वगैरे लिहिणाऱ्यांसाठी थोडक्यात. थीम शब्दांत सांगणारं प्रत्येक वाक्य लाल करा आणि आधी ती सगळी काढून वाचा, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मग थीमच्या विरोधातला सगळ्यात चांगला मुद्दा तुमच्या सगळ्यात आवडत्या पात्राला द्या, खलनायकाला नको. आणि प्रत्येक सीनमध्ये प्रत्येकाला काहीतरी छोटं, खासगी हवं असू द्या ज्याचा थीमशी काहीही संबंध नाही. मॅचचं तिकीट चालेल.

मत मांडताना

निकाल अख्ख्या पिक्चरचा एकदम लावू नका, प्रश्न कोणता, तो कोणाचा आणि वजन कोणी उचललं या क्रमाने बोला, म्हणजे समोरच्याला नेमकं कुठे असहमत व्हायचंय ते कळतं. उदाहरण म्हणून "टेनेट" (२०२०) वर माझं असं आहे. नायकाला नावच नाही, प्रोटॅगनिस्ट म्हणतात, घर नाही, भूतकाळ नाही, इथपर्यंत हरकत नाही. प्रश्न आहे की जे घडून गेलंय ते बदलत नसेल तर आपल्या निर्णयाला अर्थ काय, म्हणजे पुन्हा निर्णयाचाच प्रश्न. त्याचा साथीदार नील शेवटी आपण मरणार हे कळलेलं असतानाही काळात मागे परत जातो तिथे पिक्चर उत्तर देतो आणि चांगलं देतो. पण प्रोटॅगनिस्ट कॅटसाठी, म्हणजे खलनायकाच्या बायकोसाठी, वारंवार जग पणाला का लावतो याचं कारण पिक्चर घडवत नाही, आपण समजून घ्यायचं. तर नीलच्या दहा मिनिटांत थीम जिवंत आहे, कॅटच्या ट्रॅकमध्ये मेलेली आहे, आणि कॅटचा ट्रॅक जास्त लांब आहे. तुमच्या लेखी नीलची ती मिनिटं तेवढी भारी असतील तर तुमचा निकाल वेगळा येईल, येऊ दे.